हरकतीची मुदत

सरकारात बोलण्याचा पगार पुष्कळांना मिळतो. मसुदेमास्तरांना तो गप्प बसण्याचा मिळत असे, आणि गेली बावीस वर्षं ते तो इमानेइतबारे घेत आले होते.

परराष्ट्र खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली होती. दुसऱ्या देशाशी एखादा करार करायचा ठरला की त्याचा मसुदा या खोलीतून सगळ्या संबंधित खात्यांकडे जायचा. वर एक ठरलेली ओळ असायची: अमुक दिवशी चार वाजेपर्यंत लेखी हरकत न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल. चार वाजेपर्यंत मास्तरांनी खोली सोडायची नाही. हरकत आली तर नोंदवहीत चढवायची. आणि कुणीही विचारलं तरी दुसऱ्या खात्याने काय केलं हे सांगायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कडक होता, कारण एका खात्याने तोंड उघडल्याचं कळलं की बाकीच्यांनाही लगेच कंठ फुटतो, असा आजवरचा अनुभव होता.

या आठवड्यातला मसुदा दिसायला अगदी साधा, दोन पानांचा. आपल्या मच्छीमार बोटींना शेजारच्या देशाच्या समुद्रात जायला मिळणार, आणि बदल्यात त्या देशाची नर्सिंगची पदविका आपण मान्य करणार. सोमवारी त्यांचे लोक सहीला येणार होते. मासळीचा आणि नर्सचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. देवाणघेवाणीच्या टेबलावर हाताला जे लागेल ते पुढे सरकवायचं असतं.

पण या दोन पानांनी चार खात्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं. कामगार खात्याच्या मानगुटीवर नर्सेसची संघटना बसली होती; बाहेरून माणसं आली की आमचे पगार वाढायचे थांबतील, असं तिचं म्हणणं. आरोग्य खात्याला नर्सेस हव्या होत्या, पण खाजगी इस्पितळंच त्या उचलून नेणार आणि सरकारी दवाखाने तसेच ओस राहणार, ही धास्ती होती. शिक्षण खात्याचं दुखणं मानाचं: आमच्या विद्यापीठांना न विचारता परकी पदविका मान्य करणारे तुम्ही कोण? अर्थ खातं तर कशालाही हरकत घेतं, ते त्याचं व्यसनच. परराष्ट्र खात्याला मात्र हा करार हवा होता, कारण किनाऱ्यावरचे सगळे आमदार मासळीसाठी मंत्र्यांच्या दारात ठाण मांडून बसले होते.

एकाही खात्याने लेखी हरकत घेतली की प्रकरण समितीकडे जाणार. समितीकडे गेलेलं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडतं, हे सचिवालयातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आता खरी गोष्ट. मसुदेमास्तरांची सून त्याच शेजारच्या देशातली होती.

मुलगा तिकडे नोकरीला असताना त्यांचं जमलं, लग्न झालं आणि दोघं इकडे आली. तिकडे ती सहा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. इथे पदविका मान्य नाही म्हणून तिला मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालं. तळघरात चादरी तपासायच्या, घड्या घालायच्या आणि ढकलगाडीवर रचून वर पाठवायच्या. थिएटर तिच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर होतं. एकदा लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ कोसळले, तेव्हा ती पुढे झाली आणि त्यांची मान सरळ करू लागली. तिच्या अंगावरचा धुलाईखान्याचा निळा झगा पाहून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही मागे व्हा, हात लावू नका." ती मागे झाली. हे तिने सासूला सांगितलं, सासूने मास्तरांना, आणि मास्तर त्या दिवशी जेवणावरून उठून गेले.

नर्सच्या कामात सलग पाच वर्षं खंड पडला तर पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकावं लागतं, असा नियम होता. तिने काम सोडून चार वर्षं दहा महिने होऊन गेले होते. समितीला जागं व्हायलाच दोन महिने लागतात.

मास्तरांनी मसुदा हातात येताच टिपण लिहिलं की माझ्या सुनेचा यात संबंध आहे, सबब हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. ते घेऊन ते सचिवबाईंकडे गेले. सचिवबाई वयाने त्यांच्याहून लहान, पण खुर्चीने मोठ्या, आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी टिपण वाचलं.

"मास्तर, यात तुम्ही काही ठरवणार आहात का?"

"नाही."

"कुणाला काही सांगणार आहात?"

"छे!"

"मग बसा. इथे घड्याळाकडे बघायला मी दुसरं माणूस कुठून आणू? टिपण फाइलला लावा, मी सही करते. सुनेला मात्र सांगून ठेवा, सासऱ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस म्हणून."

सुनेला ते सांगायची गरजच पडली नाही. ती ऐकून एवढंच म्हणाली, "बाबा, म्हणजे मला मासळीच्या भावात घेताय तुम्ही लोक?" आणि हसली. मास्तरही हसले. त्यानंतर मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत घरात तो विषय कुणी काढला नाही. सगळे उगाचच एकमेकांना मीठ, पाणी, टॉवेल देत राहिले.

शुक्रवारी सकाळी दहाला मास्तर खोलीत येऊन बसले तेव्हा नोंदवही कोरी होती. त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. हरकती नेहमी शेवटच्या दिवशीच येतात, आणि त्याआधी फोन येतात.

पहिला फोन आरोग्य खात्याच्या उपसचिवांचा. हे पूर्वी खरोखरच डॉक्टर होते, त्यामुळे सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत.

"काय मास्तर, कसं काय? कुणी तोंड उघडलं की नाही अजून?"

"सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा घसा कोरडा पडला होता. शब्द कसेबसे बाहेर आले.

"बरं, बरं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

साडेअकराला कामगार खात्याचे साहेब. त्यांच्या मागे घोषणांचा आवाज येत होता. संघटनेच्या बायका त्यांच्या खिडकीखालीच बसल्या होत्या. "अहो, मला इथे फाडून खातील," ते म्हणाले. "निदान एवढं सांगा, मीच पहिला असेन का?"

"सांगता येत नाही, साहेब."

"अच्छा," साहेब म्हणाले, आणि मास्तरांना वाटलं, त्यांचा आवाज चक्क हलका झाला. का, ते काही कळेना.

दुपारी अर्थ खात्याच्या बाईंचा फोन आला. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "आहे का?" "सांगता येत नाही." "ठीक." संपलं. मास्तरांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि परत बंद केला. जीव टांगणीला लागला की पोटाला कुलूप लागतं, हे त्यांना बावीस वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. आजवर चारशे मसुदे या खोलीतून गेले, कुठे काच, कुठे कापूस, कुठे पूल. कुणाची तरी सून त्या प्रत्येकात असणारच, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. आता तो शिवला, आणि ते जरा ओशाळले.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी शिक्षण खात्याचा शिपाई पाकीट घेऊन आला. "साहेबांनी दिलंय," म्हणाला, पोच घेतली आणि गेला.

मास्तरांनी पाकीट समोर ठेवलं. आत काय आहे हे उघड होतं. अशा दिवशी, अशा वेळी कुणी शुभेच्छा पाठवत नाही. आणि मग तो विचार आला, जो इतकी वर्षं त्यांनी इतरांच्या डोक्यात येताना पाहिला होता. पाकीट फोडायलाच चार वाजून गेले तर? कामात होतो, राहून गेलं. कोण विचारणार? पाच मिनिटं ते पाकिटाकडे बघत बसले. मग स्वतःलाच एक शिवी हासडून त्यांनी ते फोडलं.

हरकतच होती. 'सदर मान्यता विद्यापीठांच्या स्वायत्ततेस बाधक असल्याने' वगैरे, अर्धं पान. खाली नाव, हुद्दा, शिक्का. सही नव्हती.

सहीशिवाय कागद म्हणजे नुसता कागद. तो नोंदवहीत चढत नाही. पण असा कागद आला तर पाठवणाऱ्याला वेळेत कळवावं, असाही नियम होता. हा नियम कुणी पाळत नसे आणि कुणी तपासतही नसे. तो बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनीच सुचवून घालून घेतला होता. त्या तरुण, अतिशहाण्या माणसाचा त्यांना आता मनापासून राग आला.

तीन पंचेचाळीस. शिक्षण खातं समोरच्याच इमारतीत होतं. सही करून कागद परत यायला दहा मिनिटं पुरली असती.

त्यांनी फोन उचलला. शिक्षण खात्याच्या उपसचिवांना सगळे प्राध्यापक म्हणत, कारण ते होते तसेच.

"प्राध्यापक, आपला कागद मिळाला. सही राहिली आहे."

"अरेरे! राहिली का?" प्राध्यापकांना आश्चर्य वाटल्याचं काही जाणवलं नाही. "मग आता काय म्हणता? करून पाठवू?"

"ते आपण ठरवायचं. चारच्या आत आली तर नोंदवीन."

"हो, ते झालंच. पण मास्तर, तुम्ही जुने माणूस, तुम्हाला म्हणून विचारतो. माझ्या सहीची तशी गरज आहे का? की काम आधीच झालंय?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर तो निळा झगा आला. 'गरज नाही' एवढे दोनच शब्द. कुणी ऐकलं नसतं. जिभेच्या टोकावर ते शब्द आले होते, अगदी चव लागावी इतके.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. आवाज असा निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना, दगडासारखा.

"आलं लक्षात," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या बोलण्यात एकदम मोकळेपणा आला. "मग राहू दे. कागद परत पाठवून द्या, म्हणजे माझ्या फाइलला राहील. उगीच मी कशाला वाईटपणा घेऊ? धन्यवाद हं, मास्तर. फार आभारी आहे."

मास्तर फोन हातात धरून बसून राहिले. आभार कशाचे? त्यांनी काय केलं होतं? कागद परत पाठवायची चिठ्ठी त्यांनी लिहून टाकली.

तीन अठ्ठावन्नला जिन्यात पावलं वाजली आणि त्यांनी नोंदवही पुढे ओढली. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.

चार वाजले. भिंतीवरच्या घड्याळात, हातावरच्या घड्याळात, आणि समोरच्या इमारतीच्या भोंग्यातही. मास्तरांनी नोंदवहीत लिहिलं: हरकत नाही. वेळ घातली, सही केली, शिक्का मारला. मग टोपण लावलेलं पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते त्यांना आज पहिल्यांदा नीट समजलं. पाय आपोआप लांब होतात आणि भूक लागते. त्यांनी डबा उघडला आणि थंडगार पोळीभाजी एका दमात संपवली.

शेवटचा घास तोंडात होता तेव्हाच फोन वाजला. डॉक्टर.

"मास्तर, चार वाजून गेले. आता सांगायला हरकत नाही ना? कुणी मोडलं?"

"कुणीच नाही."

"काय?"

"एकही हरकत नाही. मसुदा मंजूर."

पलीकडे खुर्ची करकरली. "अहो, हे काय बोलताय! मी तर तुमच्या भरवशावर गप्प बसलो!"

"माझ्या भरवशावर? मी काय केलं?"

"तुमचा आवाज हो, तुमचा आवाज! बावीस वर्षं आम्ही तुमच्या आवाजावरच चालतोय. कुणी हरकत घेतलेली नसली की तुम्ही गप्पा मारता. माझ्या गुडघ्याची चौकशी करता, चहाला या म्हणता, आणि मग 'सांगता येत नाही' म्हणता. आणि कुणी घेतलेली असली की तुम्ही लाकडासारखे बोलता. सगळ्यांना माहीत आहे! आज सकाळी तुम्ही गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. मी म्हटलं, झालं, अर्थ खात्याने हाणलं दिसतंय. मग मासळीवाल्यांच्या शिव्या आपण कशाला खायच्या?"

बावीस वर्षं आपण गुपित राखलं असा मास्तरांचा समज होता, आणि सगळं सचिवालय त्यांच्या घशाला कान लावून बसलं होतं. मग कामगार खात्याच्या साहेबांचा फोन आला, आणि तेही तेच म्हणाले. त्यांना वाटलं शिक्षण खात्याने मोडलं. अर्थ खात्याच्या बाईंना वाटलं आरोग्य खात्याने. प्रत्येकाने दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली होती, आणि खांदा कुणी दिलाच नव्हता.

मास्तर तसेच उठले आणि सचिवबाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, पाकिटाचं, सहीचं, आवाजाचं. "बाई, मी फसवलं का हो सगळ्यांना?"

सचिवबाईंनी चष्मा काढला. त्या इतक्या हसत होत्या की त्यांना तो पुसावा लागला.

"तुम्ही कुणाला खोटं सांगितलंत?"

"नाही."

"त्या प्राध्यापकाला सहीचं कळवलंत की नाही? मी असते तर कळवलं नसतं, हे तुम्हाला खाजगीत सांगते. मास्तर, चार खात्यांचे चार शहाणे देशाचं धोरण तुमच्या घशावरून ठरवत असतील, तर तो दोष घशाचा नाही. त्यांना खरंच हरकत असती तर अर्धं पान लिहून सही करायला किती वेळ लागतो? त्यांना हरकत नको होती, हरकत घेणारा हवा होता. हवं तर हेही टिपण लिहा. सोमवारी सही आहे, त्याआधी मी मंत्र्यांना वाचून दाखवते. लपवायचं काहीच नाही."

मास्तरांनी तिथेच उभ्याने पाच ओळींचं टिपण लिहिलं. बाईंनी त्याखाली सही केली, आणि मग मास्तरांना वाटलं आता मात्र मोठ्याने हसायला काही हरकत नाही, आणि ते हसले.

घरी फोन करावा असं आधी त्यांच्या मनात आलं. पण ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. त्यांनी बस पकडली आणि थेट इस्पितळ गाठलं.

धुलाईखान्यात वाफेचा आणि साबणाचा वास भरून राहिला होता. सून लांब टेबलापाशी उभी राहून चादर घडी करत होती. सासऱ्यांना दारात पाहताच तिचा चेहरा उतरला.

"बाबा? घरी काही झालं का? आई बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत ग. मुदत संपली. हरकत आली नाही. एकही नाही."

तिने ती चादर पूर्ण घडी केली. कडा जुळवल्या, हाताने दाबून सपाट केल्या, गठ्ठ्यावर ठेवली. मग त्याच गठ्ठ्यावर ती धपकन बसली.

"खरंच?"

"मी स्वतः शिक्का मारला. सोमवारी सह्या होतील, महिन्याभरात तुझा अर्ज. पाच वर्षं भरायच्या आत बसतंय सगळं." मास्तरांनी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. "आधी तुझ्या आईला फोन कर. माझ्या फोनवरून कर. किती खूश होतील त्या!"

सुनेने मान हलवली. फोन तिने घेतला नाही.

"तिला काय सांगू, बाबा? तिला माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

"हे." तिने हाताने सगळी खोली दाखवली, यंत्रं, गाड्या, चादरींचे ढीग. "तिला वाटतं मी आले त्या दुसऱ्या महिन्यापासून इथे थिएटरमध्येच आहे. तिने दागिने मोडून मला शिकवलं. तिला मी काय सांगणार होते? दर रविवारी ती विचारते, या आठवड्यात किती ऑपरेशनं झाली ग. आणि मी सांगते."

"पण तुला कसं कळायचं?"

"थिएटरच्या चादरी हिरव्या असतात ना. त्या माझ्याकडेच येतात. एका ऑपरेशनला किती लागतात ते मला ठाऊक आहे. आठवडाभराच्या मोजायच्या आणि हिशोब करायचा." तिने मास्तरांकडे पाहिलं. "आकडा मात्र कधी खोटा सांगितला नाही हं, बाबा. एकदाही नाही," ती म्हणाली, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर पोटभर रडली.